वाढपी आणि रांधपी

"विनू गेलो गो..." काकीचा फोन आला तेव्हा मी ओरोसला कचेरीत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खंय, पुण्याक?" काकीने तेच परत सांगितलं, तेव्हा मला कळलं. विनूदादा, माझा चुलतभाऊ, तारकर्लीच्या घरी अंगणात चहा पिता पिता गेला होता. महिना उलटला, पण तो खुळा प्रश्न अजून माझ्याच कानांत वाजतो. त्याला सांगितला असता तर पोट धरून हसला असता, कारण पुण्याला न जाणं हीच त्याची खरी कमाई होती.

पुण्यात तो कारखान्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचा. पगार बरा होता, पण माणूस दिवसेंदिवस सुकत चालला होता. एका मे महिन्यात सुट्टीवर आला तो परतायचं नावच घेईना. तारकर्लीत काकीची खानावळ, आणि पाव्हण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या. "गावातल्या सगळ्या खोल्यांचं बुकिंग एका वेबसाइटवर आणतंय, आये," तो म्हणाला. इंटरनेट म्हणजे जाळं, एवढं काकीला कोणीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघतंय. तां तुझां जाळां चल्लां तर ऱ्हव, नायतर गप पुण्याची गाडी धर!"

दिवाळी आली, आणि जाळं फाटलं. वेबसाइटचं काम तो पुस्तकं वाचून शिकला होता. फ्रेमवर्क नावाचा एक तयार सांगाडा त्याने घेतला होता. खोली रिकामी आहे का बघायचं, नाव नोंदवायचं, उत्तराचं पान बनवायचं, ही कामं त्याच्या आधाराने व्हायची. त्याच्याबरोबर घरच्या घरी करून बघायला एक छोटासा सर्व्हर, मागेल त्याला पान पोचवणारा प्रोग्रॅम, फुकट येतो. दादाने तोच थेट जगापुढे उभा केला. एकटा तपासत होता तोवर झकास चाललं. सुट्टीची गर्दी झाली आणि कोणी खोल्यांचे फोटो बघत बसला की मागचे सगळे ताटकळायचे. "अहो, तुमची साइट उघडतच नाही!" असे फोनवर फोन. काकीने माळ्यावरची बॅग काढून पडवीत ठेवली... दादाचं तोंड एवढंसं झालं.

मी त्या सुट्टीत खानावळीत वाढायला गेले होते. दुपारी पंगत भरलेली. सोलकढी, लोणचं, पापड मी माझ्या हातानेच वाढत होते, त्यासाठी चुलीपाशी कशाला जायचं? सुरमईचं ताट सांगितलं की तेवढंच आत ओरडायचं, आत काकी रांधायला. इतक्यात कोणीतरी पाणी मागितलं म्हणून काकी स्वतःच तांब्या घेऊन बाहेर आली. माझं डोकं आधीच तापलेलं.

"काकी, तू कित्याक भायर इलंस? आत सुरमई करपता!"

पडवीत ताटावर तोंड पाडून बसलेला दादा ताडकन उठला. "शुभा, परत बोल!"

"काय परत बोल? करपता म्हणतंय!"

"अगो, माझो रांधपी भायर येऊन वाढता हा! माका वाढपी व्हयो!"

जेवण तसंच टाकून तो कॉम्प्युटरला जाऊन चिकटला. दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या मशीनवर त्याने दाराशी खराखुरा वेब सर्व्हर बसवला. फोटो मागितले तर ते सर्व्हरच देणार, आत विचारायचंसुद्धा नाही. बुकिंग असेल तरच ते आत फ्रेमवर्ककडे जाणार, आणि तिथे आता एकाच्या जागी चारदोन रांधपी तयार. कोणाचं इंटरनेट कासवाच्या चालीचं असलं तर सर्व्हर त्याला सावकाश वाढत बसणार, आतला मात्र पुढच्या ताटाला मोकळा. दिवेलागणीपर्यंत साइट धावायला लागली. काकीने बॅग परत माळ्यावर टाकली. "ऱ्हव मेल्या," एवढंच म्हणाली, आणि त्याला दोन तुकडे जास्त वाढले.

तेव्हापासून माझं नावच सर्व्हर पडलं. आचऱ्याच्या देवळात, चारचौघांत, लांबून हाक यायची, "गो सर्व्हरा!" मी चिडले की त्याला आणखी चेव चढायचा. आतला रांधपी झोपला, म्हणजे आतला प्रोग्रॅम बंद पडला, तर त्याला कसा उठवायचा, हेही त्याने मला बसवून शिकवलं. तशी वेळ मात्र कधी आली नाही. त्याला हवे तसे दिवस मिळाले, समुद्राच्या कडेला, आईच्या हातचं खात. मला त्याचा आनंदच आहे, आणि तो मी लपवणार नाही.

गेल्या आठवड्यात तारकर्लीला गेले तर फोन आला, बुकिंग होत नाही म्हणून. दादाच्या खुर्चीत बसून साइट उघडली. फोटो झटपट आले. दाराशी वाढपी जागेवर होता. बुकिंगवर बोट दाबलं, आणि आतून काही उत्तर आलं नाही की दाखवायचं म्हणून दादाने लिहून ठेवलेलं पान समोर आलं. मी ते पहिल्यांदाच बघत होते.

काकी मागे येऊन उभी राहिली. "काय म्हणता गो?"

मी वाचलं, "रांधपी वायच भायर गेलो हा. येतलो. बसा."

काकी आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला, मग परत हसली. "येतलो म्हणता मा? मगे बसाया वायच."

आम्ही दोघी बसलो... मग मी आतला रांधपी उठवला, पाव्हणे खोळंबले होते.