चौथी पोळी

बाबांची एक गोष्ट मी कापून लहान केली, आणि नंतर ती पुरी ऐकायला मिळावी म्हणून त्यांच्यापुढे हात जोडायची वेळ माझ्यावर आली.

दिवसा मी पंडरी बाजारातल्या एका ठोक कापड दुकानात बिलं बनवतो आणि रविवारी स्टँड-अप कॉमेडी करतो. रायपुरात हा उद्योग करणारे आम्ही बोटांवर मोजण्याइतके. एका कॅफेच्या माडीवर रविवारी दुपारी ओपन माइक असतो. ज्याला लोकांना हसवायची खाज आहे त्याने नाव द्यायचं, पाच मिनिटं बोलायचं आणि खाली उतरायचं. समोर बसलेले निम्मेअधिक लोक आपल्या पाळीची वाट पाहणारे कॉमेडियनच असतात, आणि ते मेले हसत नाहीत. जोक आवडला की मान हलवून म्हणतात, "अच्छा है." फारच आवडला तर म्हणतात, "बीच का काट दे." आमच्यात याहून मोठं कौतुक नाही.

सुरुवातीला मला हे लोक दगडाचे वाटायचे. दोन वर्षांत मीही तसाच झालो. लोक हसले की मनातल्या मनात सेकंद मोजायचे, घरी येऊन फोनमधलं रेकॉर्डिंग ऐकायचं, जिथे हशा पिकला नाही ते वाक्य खोडायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा की पंच, म्हणजे हसवणारं शेवटचं वाक्य, पडला की थांबायचं. लोक हसत असतानाच माइक ठेवून निघून जायचं, त्यापुढे एक अक्षर बोलायचं नाही. हे शहाणपण कॅफेत ठेवून घरी यायला हवं होतं, ते मला जमलं नाही.

आई जाऊन तीन वर्षं झाली. घरात मी आणि रेल्वेतून रिटायर झालेले बाबा, दोघंच. आई गेल्यावर स्वयंपाकाचा ताबा बाबांनी घेतला. पोळ्या जाड, भाजीत मीठ कधी दोनदा तर कधी मुळीच नाही, पण सकाळी माझा डबा तेच भरणार. मला तीन पोळ्या पुरतात, ते चार घालायचे. मी रोज एक परत आणायचो आणि रोज म्हणायचो, "बाबा, तीनच देत जा न." ते मान डोलावून "हव" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार.

आता ती गोष्ट. तरुणपणी बाबा एका आडबाजूच्या स्टेशनवर असिस्टंट स्टेशन मास्तर होते. एक दिवस मोठे साहेब तपासणीला आले. बाबा गडबडीत टोपी टेबलावर डब्याशेजारी विसरून फलाटावर धावले. साहेबांना घेऊन ऑफिसात येतात तो काय, टेबलापाशी एक बकरी उभी, डबा चाटूनपुसून साफ, आणि बाबांची टोपी तिच्या शिंगांत अडकलेली. साहेबांनी विचारलं, "ये कौन है?" बाबांची बोबडी वळलेली. तोंडातून निघालं, "सर, रिलीव्हर." म्हणजे आपली ड्यूटी संपल्यावर खुर्ची घ्यायला येणारा माणूस.

इथे सगळे पोट धरून हसायचे. बाबा मात्र थांबत नसत. हसणं ओसरायची वाट पाहायचे आणि मग आईवर यायचे. लग्नाला तेव्हा दोनच महिने झाले होते. त्या सकाळी आई भाजीत मीठ घालायला विसरली होती आणि दिवसभर तिच्या जिवाला घोर लागून राहिला होता. बाबा घरी येताच तिने विचारलं, "मीठ?" डबा बकरीने खाल्ला हे बायकोला सांगायची बाबांना लाज वाटली. ते म्हणाले, "बराबर होतं."

इथून पुढे गोष्ट बरीच लांबायची. कोणी हात धुवायला उठायचं, कोणी सुपारीचा डबा शोधायचं. लहानपणी मीही मिठापर्यंत कसाबसा बसायचो आणि पळायचो. शेवट मी कधी ऐकलाच नव्हता.

मागच्या हिवाळ्यात एकदा जेवताना बाबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ती गोष्ट मला एकट्यालाच सांगायला घेतली. रिलीव्हर आला. मी मान हलवली आणि म्हणालो, "अच्छा है." स्वतःच्या बापाला! वर अक्कल पाजळली, "बाबा, इथंच थांबायचं. पुढचं काढून टाका, तिथं कोणी हसत नाही."

बाबांचा घास हातातच राहिला. "मिठाचंही काढू?"

"तेच तर काढायचं आहे."

"हव," ते म्हणाले.

त्यानंतर काही महिने ती गोष्ट घरात निघाली नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही, हे कबूल करायला हवं.

मग मावशीच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. दुपारची जेवणं आटोपली, पाहुणे बाबांना म्हणाले, "ते बकरीचं सांगा." बाबा उभे राहिले. टोपी, बकरी, साहेब, रिलीव्हर. दीड मिनिटात खलास. हॉल नुसता दणाणून गेला. माझ्या कुठल्याही पाच मिनिटांना एवढा हशा मिळालेला नाही. आणि लोक हसत असतानाच बाबा खाली बसले. मी सांगितलं होतं तसंच, एक अक्षर जास्त नाही. बसल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जमलं का, असं विचारत होते.

आईची बहीण, माझी मावशी, त्यांच्याजवळ आली. "भाऊजी, ताईचं नाही सांगितलं आज? मिठाचं?"

"ते कापलं," बाबा म्हणाले. "पोट्टा म्हणे, तिथं हसत नाही कोणी."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या गोष्टीत आई होती ती सगळी पंचच्या पुढे होती. बाबा लोकांना बकरी दाखवून थांबवून घ्यायचे ते तिच्यासाठी, आणि मी तिच्या आधीच फाटक लावून टाकलं होतं.

परतताना सदर बाजारात आमची स्कूटर गर्दीत अडकली. मी मागे वळून म्हणालो, "बाबा, मिठाच्या पुढचं सांगा न."

"आता काहून? त्याच्यात जोक कुठं आहे?"

"जोक नको मले. आई पाहिजे."

हे मी मोठ्याने म्हणालो. बाजूचा मोटारसायकलवाला बघायला लागला. मी स्कूटर एका सराफाच्या दुकानाशी कडेला घेतली आणि पुन्हा म्हणालो, "चुकलं माझं. सांगा."

हॉर्नच्या कलकलाटात बाबा माझ्या कानाशी वाकून सांगायला लागले. आठ दिवसांनी स्टेशनवरच्या पोर्टरने आईला बकरीचं सगळं सांगून टाकलं. आई रागावली नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात तीनच्या ऐवजी चार पोळ्या निघाल्या.

"मी विचारलं, ही काहून? तर म्हणे, तुमच्या रिलीव्हरची."

"मग?"

"मग काय? रोज चार. रिटायर होईपर्यंत."

"आणि ती खायचं कोण?"

"मीच न. मी घरी आलो की ती पहिले डबा उघडून पाहे, रिलीव्हर जेवला का म्हणून."

किती पोळ्या मी परत आणल्या होत्या, आणि वर तक्रार केली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात डबा उघडला. चार पोळ्या, आणि गवारीच्या भाजीत मिठाचा पत्ता नाही. मी चारही पोळ्या खाल्ल्या, भाजी पुसून खाल्ली.

संध्याकाळी बाबांनी डबा हातात घेतला, उघडून आत पाहिलं. मग जरा ओशाळून म्हणाले, "मीठ विसरलो होतो वाटते मी."

"बराबर होतं," मी म्हणालो.

बाबा एकदम हसायला लागले, आणि हसतच राहिले. मी सेकंद मोजले नाहीत.