तारेनंतर आलेलं पत्र

कोणी वाचलंच तर माझ्या चुका आणि वाकडं अक्षर पोटात घालावं. शाळा चौथीपर्यंतच झाली.

ह्यांच्या मरणाची तार आली, त्यानंतर नवव्या दिवशी लढाईवरून ह्यांचंच पत्र आलं.

"वाच गं, तो बोलतोय," सासूबाई म्हणाल्या.

"मी खुशाल आहे. सोनाराचे उसने साठ रुपये फेडलेस की कळव."

सासूबाई रिकाम्या दाराकडे बघून म्हणाल्या, "फेडते रे ती. जेवलास का?"

माणूस संपतो, पण त्याचे शब्द अजून वाटेतच असतात. त्यांना कोणी काही कळवलेलं नसतं. मी उत्तर देत नाही तोवर हे वाट बघतील, असं वाटून शेवटचे दहा रुपये फेडायला मुद्दाम उशीर केला. काल सासूबाईंनी ह्यांचं ताट वाढलं, तेव्हा घाबरले. आज सोनाराला ते दहा रुपये दिले आणि त्याच पत्त्यावर कार्ड टाकलं: पैसे पूर्ण फिटले.