रजेवरून परतलेल्या मुलाची मिरकरवाड्याची लाइन

पहिली तारीख: अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस. माझ्या मुलाची बिनपगारी रजा मंजूर झाली आणि त्याच संध्याकाळी दुकानाने दिलेला मोबाइल सिमकार्डासह त्याच्याकडून काढून घेण्यात आला. जबाबदार: विक्री व्यवस्थापक. दुसरी तारीख: वटपौर्णिमेनंतरचा सोमवार. मुलगा कामावर रुजू झाला. मोबाइल परत मिळाला नाही, विक्रीचा त्याचा टापूही मिळाला नाही. जबाबदार: विक्री व्यवस्थापक, आणि त्याच्या निर्णयाला मान डोलावणारे मालक. तिसरी तारीख: आषाढातला पहिला उघडिपीचा दिवस. आपण नोकरी सोडली आहे, हे माझ्या मुलाला त्या दिवशी मिरकरवाडा बंदराच्या जेटीवर दुसऱ्याच्या तोंडून समजले. जबाबदार कोण, हे आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

इंग्रजी तारखा मी जाणूनबुजून दिलेल्या नाहीत. नाव, दुकान, तारीख यांपैकी काही उघड करायचे नाही, या अटीवरच मुलाने मला लिहू दिले आहे.

मी रत्नागिरीच्या न्यायालयात लिपिक होतो. निवृत्तीनंतर पत्रे लिहितो: नगरपालिकेला, वीज कार्यालयाला, एसटीच्या विभाग नियंत्रकाला. उत्तरे क्वचित येतात. पूर्वी संतापाने झोप उडत असे; आता संताप तेवढाच आहे, पण लिहायला बसलो की मान भरून येते.

मुलगा होड्यांना लावायचा रंग विकतो. मासेमारी बंद असते त्या पावसाळी दिवसांत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी उघडीप साधून त्या रंगवायच्या असतात. वर्षाची खरी विक्री तेव्हाच होते. विक्रेत्याला नेमून दिलेल्या टापूला त्यांच्यात लाइन म्हणतात. मिरकरवाड्याची लाइन त्याने स्वतः उभी केली. सुरुवातीला एकही नौकामालक त्याला दारात उभा करीत नव्हता. त्याने जेटीवर बसून, बिघडलेल्या रंगाचे डबे स्वतः उचलून परत नेऊन ती माणसे मिळवली. त्यांच्यापाशी त्याचा एकच पत्ता होता, तो म्हणजे त्या मोबाइलचा नंबर.

रजा का घेतली, तेही नोंदवतो. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण सूनबाईंची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. माझी पत्नी हयात नाही. शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. घरात उरलो मी, आणि तान्हे मूल हातात घेताना माझे हात कापतात. तेव्हा मुलाने रजा मागितली. शेजारच्या वहिनींनी दाखवले तसे तो न्हाणीघरात पाय लांब करून बसू लागला आणि मुलीला पायांवर आडवी घेऊन तिच्या अंगावर तांब्याने पाणी सोडू लागला. सूनबाई दाराशी उभ्या राहून म्हणत, "अहो, कान झाका तिचे." तो म्हणे, "एक हात मानेखाली, एका हातात तांब्या. कान काय तोंडाने झाकू?" आमच्या घरात हसण्याचा आवाज मला फार दिवसांनी ऐकू येत होता.

तो रुजू झाला त्या सोमवारी गोदामात काय झाले, ते त्याने संध्याकाळी सांगितले. आत पाऊल टाकताच एकजण ओरडला, "आली बाय आमची बाळंतीण!" दुसऱ्याने लगेच पंखा बंद केला. "वारं लागंल रे तिला! कानाला फडकं बांधा!" मुलगाही हसला. हसावेच लागते. मग व्यवस्थापकाने आत बोलावून सांगितले की मिरकरवाडा आता दुसरा मुलगा बघतो, तुला बुरोंडीची लाइन.

नकाशा पाहणाऱ्याला हे साधे वाटेल. मोटरसायकलवरून आरे-वारेच्या रस्त्याने जयगड, तिथे फेरीबोट, पुढे गुहागर सोडून दाभोळची फेरीबोट, मग बुरोंडी. पोहोचल्यावर तिथले लोक दापोलीच्याच व्यापाऱ्याचा रंग वर्षानुवर्षे घेतात, हे ऐकून घ्यायचे आणि त्याच वाटेने परतायचे. पगार तोच. मात्र विक्रीवर मिळणारी जादा रक्कम, जिच्यावर घर चालते, ती मिरकरवाड्यात राहिली.

गोदामातल्या जुन्या माणसाने त्याला बाजूला घेऊन विचारले, "तू अर्जात खरं कारण कशाला लिहिलंस? गावच्या देवाचं कार्य आहे म्हणून लिहायचंस."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते अक्षरशः खरे आहे. शिमग्याला ते दुकान अर्धे रिकामे होते. गणपतीला शटर खाली येते. मालक स्वतः गावी जाऊन पालखीला खांदा देतात, आणि परतल्यावर कोणाची लाइन हलवलेली नसते. ते योग्यच आहे. मीही गणपतीत कधी कचेरीत बसलो नाही. पण देवासाठी गेलेल्या पुरुषाची जागा राहते आणि लेकरासाठी गेलेल्याची जाते, हा नियम कोणी केला?

आषाढात एका रविवारी पाऊस थांबला म्हणून मुलगा सुकी मासळी आणायला मिरकरवाड्यात गेला. तिथे एका वयस्कर नौकामालकाने त्याला हटकले.

"अरे, तू हितंच हायस? मी फोन केला तर दुसराच बोलतो. म्हनतो, त्यानं काम सोडलं, मुंबैला गेला."

"मी कुठे जातोय चाचा? मुलगी झाली मला."

"मग पेढा कुठाय?" म्हातारा म्हणाला, आणि मग, "मी डबे घेतले रे त्याच्याकडून. मला काय ठाव."

मुलगा मासळी न घेताच परत आला.

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकाकडे गेलो. त्याने चहा मागवला.

"काका, नंबर दुकानाचा आहे. लाइनही दुकानाची. तुम्ही कोर्टातले ना? तुमची तक्रार कोणत्या कायद्यात बसते, ते दाखवा."

मी घरी आलो आणि पुस्तके काढली. बाळंतिणीसाठी कायदा आहे. तिच्या गैरहजेरीत तिच्या नोकरीच्या अटी तिचे नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत. खासगी नोकरीतल्या बापासाठी तसे कलम मला सापडले नाही. आयुष्यभर इतरांच्या अर्जांत कलमे भरली आणि स्वतःच्या मुलासाठी एक ओळ मिळू नये, याइतका शीण मला कोणत्याही खटल्याने दिला नव्हता.

मुलगा भांडत नाही. पहाटे जातो, मुलगी झोपल्यावर येतो. मुलीला अंघोळ घालणे आता फक्त रविवारी उरले आहे, आणि परवा पाणी ओततानाच त्याचे डोळे मिटले. सूनबाईंनी तांब्या हातातून काढून घेतला.

"अप्पा, लिहा," तो मला म्हणाला. "पण पुढच्या वर्षीही मला त्याच दुकानात काम करायचंय."

म्हणून मालकांना विचारतो, कायद्याचा आधार न घेता. आपल्याच गोदामातल्या आणखी एका मुलाच्या घरी दिवाळीनंतर पाळणा हलणार आहे, आणि रजा मागावी की नाही हे तो माझ्या मुलाला विचारतो आहे. माझ्या मुलाने त्याला काय सांगावे? माझ्या मुलाने नोकरी सोडली, असे ग्राहकांना सांगण्याची मुभा कोणी दिली? त्याची लाइन त्याला परत देणार की नाही? मला बंद पाकिटातले उत्तर नको. मिरकरवाड्याच्या जेटीवर, ज्यांना ते खोटे सांगण्यात आले त्या नौकामालकांसमोर उभे राहून, आपण स्वतः उत्तर द्यावे.