कॅनवरची लाल चिंधी

श्रीधररावांना मी शेवटचं भेटलो ते दिल्लीच्या द्वारका भागातल्या हॉस्पिटलात. धाप लागत होती, बोलायची मनाई होती, आणि खिडकीखाली कुठल्याशा दुकानाचा छोटा जनरेटर अडखळत फटफटत होता. त्यांनी डोळे न उघडताच बोटानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता विचारतील. निदान आता तरी... "साडूबुवा, त्या दुकानदाराला सांगा, प्लग काळा पडलाय." बस, एवढंच. मी 'बरं' म्हणालो आणि खाली उतरून सरळ घरी आलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात असताना ते गेल्याचा कुमुदताईंचा फोन आला. त्याला आता दोन महिने होतील. या दोन महिन्यांत मला रडू कमी आणि चीड जास्त आली, आणि ती नेमकी कुणाची हे ठरवायला हा लेख लिहायला बसलोय.

कुमुदताई माझ्या बायकोची, नलिनीची, थोरली बहीण. सांगलीच्या या दोघी बहिणी लग्न होऊन दिल्लीला आल्या. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात चिकटलेला, मुनिरक्याला राहणारा. कुमुदताईंचे यजमान श्रीधरराव गुडगावात मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. नव्वदीचं दशक होतं. बाहेरून सामान मागवणं सोपं झालं होतं आणि लोकांना नवनवे नाद परवडू लागले होते. गुडगावच्या पुढे एका मोकळ्या पट्ट्यावर हौशी मंडळींचा क्लब होता. त्यांच्याकडे एक मायक्रोलाइट, म्हणजे चिमुकलं विमान, होतं : कापडी पंख, ॲल्युमिनियमच्या नळ्या, दोन खुर्च्या आणि पाठीमागे स्कूटरच्याच जातीचं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं इंजिन. श्रीधरराव ते उडवत आणि त्याचं इंजिनही तेच बघत. दुसऱ्या कुणाला पाना लावू देत नसत.

दर रविवारी मी स्कूटरवरून तिकडे जायचो. हौस माझी नव्हती. कुमुदताई म्हणाल्या होत्या, "तुम्ही बरोबर असलात की माझ्या घशाखाली घास उतरतो. बघा जरा त्यांच्याकडे." बघायचं काय, तर हा माणूस एका स्क्रूशी सकाळ घालवणार, डबा गार होणार, आणि मी घाईला आलो की म्हणणार, "साडूबुवा, ही तुमची सरकारी फाइल नाही, पुढे ढकलली की झालं." एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा हट्ट. दोन बदलल्या तर कशानं गुण आला ते कळत नाही म्हणे. आणि शेवटचा शब्द प्लगचा. तो काढून उन्हात धरायचा. दुधाच्या चहासारखा तांबूस असला तर इंजिन निरोगी, काळा असला तर पेट्रोल नाहीतर ऑइल जास्त जातंय. "माणूस खोटं बोलेल, प्लग बोलत नाही."

पेट्रोलमध्ये ऑइल तेच मापून घालत. मिसळून झालं की कॅनच्या कानाला कुमुदताईंच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधत. चिंधी असली तर तयार, नसली तर कोरं पेट्रोल. कॅन रिकामा झाला की चिंधी सोडून त्यांच्याकडे द्यायची, ते काम माझं. कुणीही घाईत चुकू नये म्हणून त्यांनी घालून दिलेली ही रीत.

आता सांगतो. माझी स्कूटर एकदा भर रस्त्यात जाम झाली होती, ऑइल कमी पडून. तेव्हापासून पंपावर मी म्हणायचो, "भैया, थोड़ा ज़्यादा डाल दो." आमच्या पिढीतले निम्मे स्कूटरवाले असंच म्हणत असतील. तर हा माणूस हवेत जाणार, त्याचं माप काटेकोर, आणि कुमुदताईंनी तर मला बघायला सांगितलेलं... ते पंख तपासायला गेले की, कुणी पाहिलंच तर मिसळायचं चाललंय असं वाटावं म्हणून, मी चिंधी सोडायचो, झाकण उघडून ऑइलची एक धार आणखी घालायचो आणि चिंधी पुन्हा बांधायचो. विचारलं असतं तर हाकलून दिलं असतं त्यांनी. म्हणून विचारलं नाही.

प्लग काळे येऊ लागले. श्रीधररावांनी नवे घातले, तेही काळे. एअर फिल्टर बदलला, कॉइल बदलली. रविवारमागून रविवार. मी शेजारी फडकं धरून उभा. हे माझ्या ऑइलमुळे असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही असं लिहिता आलं तर बरं होतं. एकदा आलं होतं. पण जास्त ऑइलनं कधी कुणाचं वाईट होतं का, असं म्हणून मी ते झटकलं. शेवटी त्यांनी ठरवलं, इंजिनला पेट्रोलच जास्त जातंय. कार्ब्युरेटरची सुई एक खाच खाली उतरवली आणि पेट्रोल कमी केलं. प्लग छान तांबूस आला. त्यांनी तो मला दाखवला, इतके खूश की डबा गरम असताना जेवले.

मे महिन्यात, रणरणत्या दुपारी, पिस्टन जाम होऊन इंजिन हवेतच बंद पडलं. खाली नवं सेक्टर आखलेलं होतं. रस्ते डांबरी, घरं अजून यायची. त्यातल्या एका रस्त्यावर त्यांनी विमान टेकवलं. पुढचं चाक मोडलं, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. मी पोचलो तेव्हा ते फुटपाथच्या कडेला बसून प्लगकडे बघत होते.

क्लबच्या बैठकीत सेक्रेटरींनी विचारलं, "सुई किसने उतारी?" श्रीधरराव म्हणाले, "मैंने." मग त्यांनी समजावून सांगितलं : पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं, आणि ऑइल वाढलं की तितकं पेट्रोल कमीच होतं, पण माप माझंच होतं, तिथे चूक नाही. ते ऐकताना मला सगळं कळलं. मी मागच्या खुर्चीवर होतो. मी उठलो नाही. त्यांना इंजिनला हात लावायची आणि उडायची मनाई झाली. ते पुन्हा कधी तिकडे फिरकले नाहीत. पुढे त्या पट्ट्यावर सोसायटी उभी राहिली.

गेल्या रविवारी कुमुदताईंकडे गेलो. बाल्कनीत तोच कॅन, झाडांना पाणी घालायला ठेवलेला. कानाला चिंधी. विटून गुलाबी झालेली.

"ही अजून कशाला?" मी विचारलं.

"काढू द्यायचे नाहीत. म्हणायचे, राहू दे, साडूबुवांची गाठ आहे."

मी वाकून पाहिलं. श्रीधरराव सुरगाठ मारत, एका ओढीत सुटणारी. ही निरगाठ होती. मला तेवढीच येते. म्हणजे त्या दिवशी, इंजिन बंद पडल्यानंतर, कॅनमधलं उरलेलं पेट्रोल स्वतः ओतून टाकतानाच त्यांना कळलं होतं. बैठकीच्या आधी. मग ते "तिथे चूक नाही" कुणासाठी होतं? माझ्यासमोर इतकी वर्षं जेवले, दिवाळीला चकल्या मागून घेतल्या, आणि एक शिवी नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं... असं मी स्वतःला सांगत आलोय, आणि तेही खरं नसावं.

तिथेच उभ्या उभ्या कुमुदताईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "उडणं थांबलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती हो." आणि कॅन उचलून तुळशीला पाणी घालू लागल्या.

माझ्यावर रागवायला कुणीच उरलं नाही. कॅन रिकामा झाल्यावर मी तो मागून घेतला आणि चिंधी सोडायला बसलो, कारण रिकाम्या कॅनला चिंधी ठेवायची नाही अशी त्यांची रीत होती. नखं लावून पाहिली. कुमुदताईंनी कात्री पुढे केली. मी नको म्हणालो. ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून होतो, गाठ काही सुटली नाही.