त्यांची नळी, माझी फुंकर

काचेच्या कारखान्यात नळीवर काम केलेला नवरा मिळाला, की घरातलं बोलण्याचं खातं बायकोकडे येतं. तक्रार नाही माझी, मला बोलायला आवडतंच. पण त्याचं कारण सांगते. ती लांब लोखंडी नळी तोंडाला लावून काच फुगवायची असते, तेव्हा बोलणार कसं? आणि भट्टीचा आवाज असा, की शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून ते लोक भुवयांनी बोलायचे. डावी भुवई वर गेली की आणखी. दोन्ही खाली आल्या की थांब. डोळे मिटले की झालं, पुरे.

आमच्या ह्यांनी ती बोली घरी आणली. जेवताना डावी भुवई वर गेली की मी भाकरी वाढायची. पाहुणा फार वेळ बसला की दोन्ही खाली, मग मी कपबशा उचलायला लागायची. लग्न ठरलं तेव्हा माझी मावशी म्हणाली होती, मुलगा अबोल दिसतोय. अबोल कसला, दिवसभर बोलत असतो, फक्त भुवयांकडे बघावं लागतं.

तो कारखाना आता राहिला नाही, त्या जागेवर मोठी सोसायटी आहे. त्याच्या आधीच बाटल्यांचं मशीन आलं होतं आणि ह्यांना नळीवरून उठवून पॅकिंगला बसवलं होतं. पुढे चाकणच्या एका गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत स्टोअरला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. कंपनी चांगली होती, बस कोपऱ्यावर यायची, दिवाळीला मिठाई मिळायची. पण तिथली एकही गोष्ट ह्यांनी कधी घरी येऊन सांगितली नाही. सांगायचे ते भट्टीचंच. कंदिलाची काच फुगवण्यात ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. आता "म्हणे" म्हटलं तरी मला ते पटतं, कारण नळीवरचे इतर लोकही घरी आले की तेच सांगायचे.

तर मागच्या हिवाळ्यात ह्यांना छातीचं दुखणं झालं. बरे झाले, पण जिना चढताना मध्ये थांबायला लागले. थांबले की कठड्यावरून खाली बघायचे, जणू काही खाली काम आहे.

त्याच सुमारास सुनेने बातमी आणली. ती तळवड्याला आयटीत आहे, तिच्या फोनमध्ये जगातलं सगळं असतं. म्हणाली, "बाबा, चाकणच्या रस्त्याला एका जुन्या शेडमध्ये काचेचं म्युझियम झालंय. तिथे भट्टी पेटवून लोकांना काच फुगवून दाखवतात. रविवारसाठी त्यांना कुणीतरी जुना माणूस हवाय, तोंडाने फुगवणारा. फोन करू का?"

"न्हाई," हे म्हणाले.

"अहो बाबा, निदान बघायला तरी…"

"न्हाई म्हणलं ना. आता काय काच फुगवायची, हितं भाकरी फुगंना."

माझ्या भाकरीवर आलं म्हटल्यावर मी ओळखलं, की ह्यांना जायचंय. दोन-चार दिवसांनी खात्रीच पटली. कपाटातून चादर काढायला गेले, तर चादरीमागे फुगे. लाल, पिवळे, हिरवे, अर्धवट फुगवून गाठी मारलेले. दुपारी मी जरा पडले, की हा माणूस गॅलरीत बसून फुगे फुगवून छाती अजमावून बघत होता. मी चादर काढली, कपाट लावलं आणि सुनेला म्हटलं, कर गं फोन.

शनिवारी सकाळी सुनेच्या गाडीतून निघालो. ह्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला होता. मी विचारलं, "भट्टीपुढं पांढरा?" तर खिडकीतून बाहेर बघत बसले.

म्युझियम छान आहे. शेडची उंची तशीच ठेवलीय, आत पांढरे दिवे आणि काचेच्या पेट्या. मला तर एकेका पेटीपाशी थांबायचं होतं. बांगड्यांचं एक दालन होतं, त्यात काचेची लांब वेटोळी कापून बांगड्या कशा करतात ते मांडलं होतं. गोळीच्या सोड्याच्या बाटल्या होत्या, त्या बघून माझ्या जिभेवर ती चव आली आणि ठसकाही लागला. गाडीची पुढची काच उभी करून ठेवली होती, तिच्यावर हातोडी मारून बघा म्हणे. सुनेने मारली. काचेला जाळं पडलं पण तुकडा खाली पडला नाही. मी म्हटलं, अशी एखादी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला मिळेल का, खाली पोरं क्रिकेट खेळतात. सून म्हणाली, "आई, हळू बोला." का हळू बोलू? म्युझियम म्हणजे काय दवाखाना आहे?

ह्यांनी मात्र कशाकडे बघितलं नाही. हात मागे बांधून एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. एका कलाकाराने केलेले काचेचे मासे छताला टांगले होते, खालून लोक फोटो काढत होते. हे त्यांच्याखालून मान वर न करता निघून गेले. वासावर चालले होते. मला कसलाच वास येत नव्हता, पण ते बरोबर भट्टीच्या दाराशी जाऊन थांबले.

भट्टी एक मुलगी सांभाळत होती. असेल आमच्या सुनेच्या वयाची, केस फडक्याने बांधलेले, हातावर भाजल्याच्या जुन्या खुणा. कॉलेजात काच शिकलेली, पुढे फिरोजाबादला राहून आणखी शिकलेली. हे आले म्हटल्यावर तिने हातातलं सोडलं आणि वाकून नमस्कार केला.

"काका, मी यंत्राच्या आधीच्या लोकांबद्दल नुसतं वाचलंय. तुम्ही खरंच कंदिलाच्या काचा करायचात?"

"व्हय," हे म्हणाले. "आमी काय वाचायची वस्तू न्हवतो."

ती हसली. मला ती तिथेच आवडली. तिने ह्यांना एक तापवलेली नळी दिली आणि म्हणाली, "करून बघा, घाई नाही. माझा मदतनीस गावाला गेलाय, आज तसंही लोक कमी आहेत."

ह्यांनी नळी हातात घेतली आणि मी बघतच राहिले. घरी चहाचा कप धरताना जो हात थरथरतो, तो थरथरेना. नळीचं टोक भट्टीत घातलं, काकवीसारखा काचेचा रस गुंडाळून बाहेर काढला, लोखंडी पाट्यावर फिरवला. नळी सारखी गोल फिरत होती, एक क्षण थांबत नव्हती, कारण थांबली की रस खाली ओघळतो. मुलगी मान हलवत होती. आणि मग ह्यांनी नळी तोंडाला लावली.

पहिल्या फुंकरीला आत वाटाण्याएवढा बुडबुडा दिसला. दुसरी फुंकर घेतली आणि खोकला आला. खोकला तसा साधाच होता, पण त्यात हात थांबला. रस एका बाजूला लोंबला, लांबला, जमिनीकडे चालला. मुलीने पटकन नळी घेतली आणि ते सगळं पाण्याच्या बादलीत बुडवलं. तडतड आवाज झाला.

"पहिल्यांदा सगळ्यांचं होतं, काका."

"माझं पयल्यांदा न्हाई हे," हे म्हणाले. रुमालाने तोंड पुसलं, नळी जागेवर ठेवायला खूण केली आणि बाहेर गेले. सून मागे निघाली, "बाबा, चहा घेऊ या का?"

मी गेले नाही. मला माहीत आहे, अशा वेळी मागे गेलं की हा माणूस आणखी दहा पावलं पुढे जातो. मी त्या मुलीलाच विचारलं, "बाई, तू एकटी असलीस की सगळं एकटीच करतेस?"

"नाही काकू. मोठं काही असलं की मी ह्या बाकावर बसते, नळी ह्या दोन दांड्यांवर फिरवते आणि आकार देते. फुंकायला दुसऱ्या टोकाला मदतनीस असतो. तो खाली बसून फुंकतो."

"म्हणजे फुंकणारा वेगळा आणि कारागीर वेगळा?"

"हो. कारागीर तो बाकावरचा. हात त्याचा."

"आणि फुंकायला काय शिकावं लागतं?"

"सांगेल तेव्हा सुरू करायचं आणि सांगेल तेव्हा थांबायचं. बस. इथे आलेले पाहुणेसुद्धा फुंकतात."

मी पदर खोचला. हे बाहेर पिंपळाच्या पारावर बसले होते, सून बाजूला चहाचे कागदी कप घेऊन उभी.

"चला आत," मी म्हटलं.

"कशाला? दम न्हाई माझ्यात, बघितलंस ना."

"दम माझ्यात आहे. तुम्ही बाकावर बसा, मी फुंकते."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चाकणला क्रेन चालवायला जाते म्हणाले. "भट्टीवर बायका चालत न्हवत्या आमच्यात. सावलीसुदीक पडू देत न्हवते."

"मग आत आहे ती कोण आहे?"

"ती शिकलेली हाय."

"मी पण शिकलेली आहे. ओल्या लाकडाची चूल फुंकणीने पेटवून तुमच्या घरच्या एवढ्या माणसांचा स्वयंपाक केला, फर्स्ट शिफ्टचा डबा पहाटे दिला. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की बाईची सावली पडली."

सून चहात बघून हसत होती. हे म्हणाले, "चूल येगळी, काच येगळी. तिथं जोर न्हाई चालत."

"मग सांगा ना कसं चालतं. पारावर बसून काय मला कळणार आहे?"

ते उठले. जाताना माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "चप्पल नको ही, बंद बूट लागत्यात." तेव्हा मला कळलं, की जमतंय. सुनेने तिचे बूट काढून दिले. मला ते मोठे झाले, पुढे तिचाच रुमाल कोंबला.

मुलीने रस काढून दिला, हे बाकावर बसले. हातात ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी. आकार द्यायला तीच वापरतात, कागद ओला असतो म्हणून जळत नाही, नुसता वाफाळतो. मी नळीच्या ह्या टोकाला बुटक्या स्टुलावर बसले. नळी फिरत होती आणि मी ओठ लावून तिच्याबरोबर बसले होते. समोर ह्यांचा चेहरा, भट्टीच्या उजेडात तांबडा.

डावी भुवई वर गेली. मी फुंकलं.

चुलीची सवय, दुसरं काय. एकदम जोराने फुंकलं आणि काच पुरीसारखी टम्म फुगली, एका बाजूने जास्तच. मुलगी म्हणाली, "काकू, काकू…" पण मला तिचं काही कळेना, मी समोर बघत होते. दोन्ही भुवया खाली आल्या. मी थांबले. ह्यांनी ती फुगलेली बाजू वर येईल अशी नळी धरली, घडीने सावरली, कागदाची वाफ तोंडावर आली. मग डावी भुवई वर, पण अर्धीच. अर्धी भुवई मी घरात कधी बघितली नव्हती. आमच्याकडे भाकरी हवी असते किंवा नको असते. तरी मला कळलं, कसं ते विचारू नका. मी गरम दुधावरची साय बाजूला सारावी तेवढंच फुंकलं, आणि तेवढंच फुंकत राहिले. काच मंद मंद वाढत होती. ह्यांचे डोळे मिटेपर्यंत मी थांबले नाही.

"कशी काय कळली तुम्हाला खूण?" मुलीने विचारलं. "मला तर काही दिसलं नाही."

"तुला रोज वाढावं लागत नाही ना ह्यांना," मी म्हटलं.

तयार झाली ती कंदिलाची काच. म्हणजे ह्यांनी म्हटलं म्हणून कंदिलाची. कमरेत बाकदार होती, आणि एका अंगाला थोडी जास्तच बाकदार. मुलीने ती गार होणाऱ्या पेटीत ठेवली. गार व्हायला रात्र जाते, लगेच बाहेर काढली तर तडकते. मग हात पुसत ती ह्यांच्यासमोर आली आणि सरळ म्हणाली, "काका, रविवारी याल का? मला बाकावर तुमच्यासारखा हात हवाय. फुंकायला माझा मदतनीस आहे."

ह्यांना जे हवं होतं ते समोर आलं होतं. मी गप्प बसले, मला गप्प बसता येतं हे लोकांना माहीत नाही. हे थोडा वेळ बाकाच्या दांड्यांवरून हात फिरवत राहिले.

"तुमच्या मदतनिसाला काय सांगायचं झालं तर मला तोंडानं बोलावं लागंल," ते म्हणाले. "ते मला जमत न्हाई." आणि माझ्याकडे वळले. "येशील का गं?"

आता बघा, पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला तेव्हा ह्यांनी मला येऊन सांगितलं होतं. पोराचं लग्न ठरवलं तेव्हाही सांगितलंच होतं. विचारलं असं नव्हतं. मी लगेच हो म्हणाले नाही, थोडं बसू दिलं.

"रविवारी माझं भजनी मंडळ असतं," मी म्हटलं. "शनिवार चालत असेल तर विचारा त्यांना."

ह्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, शनिवार चालेल, शनिवारी तर शाळांच्या सहली येतात. मी आणखी सांगून टाकलं, की ते स्टूल बुटकं आहे, माझे गुडघे दुखतात, उंच स्टूल लागेल. आणि लोक बघायला आले की त्यांना काय चाललंय ते मी सांगणार, कारण हे सांगणार नाहीत.

"पण काकू, तुमच्या तोंडात नळी असेल," मुलगी म्हणाली.

"फुंकायचं थोडंच असतं," मी म्हटलं. "मधल्या वेळात सांगेन."

ह्यांच्या दोन्ही भुवया खाली आल्या होत्या. मी तिकडे बघितलंच नाही.