हेदरमधला दगड

बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये काल बुटांचं कपाट आवरताना बाबांचे चालायचे बूट हाती आले. बाबा गेल्यावर मी ते पुण्याहून इथे आणले होते. दमट हवेने सोलचा भुगा झाला होता, पण शिवणीतल्या काळ्या मातीला अजून तोच कुजलेल्या गवताचा गार वास होता.

उत्तर इंग्लंडच्या माळरानावर, ज्याला तिथे मूर म्हणतात, एकदा बाबा आणि मी चालत होतो; त्यांच्या पायात हेच बूट होते. नजर जाईल तिथवर हेदरची बुटकी झुडपं जांभळी फुललेली, मध्येच चुन्यामातीशिवाय रचलेली एखादी दगडी भिंत, आणि अंगावर येणारं धुकं. वाटेत पुरुषभर उंचीचा, शेवाळलेला दगड उभा होता. बाबांनी चिखलातच बूट काढले आणि वाकून त्याला नमस्कार केला.

"बाबा, तो देव नाही. धुक्यात वाट चुकू नये म्हणून जुन्या लोकांनी उभा केलाय," मी म्हटलं.

"म्हणजे इतकी वर्षं माणसांना घरी पोचवतोय," ते म्हणाले. "मग बूट काढले ते बरंच झालं."

कुत्रं घेऊन मागून आलेली एक म्हातारी बाई त्यांचं आटपेपर्यंत लांबच थांबली होती. जाताना तिनेही दगडावर क्षणभर तळहात टेकवला. मला तेव्हा फक्त बाबांच्या भिजलेल्या मोज्यांची काळजी होती.

"जस्ट थ्रो लाह, पप्पा," काल ते बूट बघून माझी मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली.

बूट टाकले. त्याआधी शिवणीतली माती कोरून तुळशीत घातली. हात मात्र बराच वेळ धुतले नाहीत.