पहिल्या वर्षी नाही

हार्लन टिबेट्सला टाळी वाजवताना मी कधी पाहिलं नाही. लेकीच्या लग्नातही नाही. क्लीव्हलंडच्या एका पेपरात त्याने उभा जन्म बेसबॉलवर लिहिण्यात घालवला. पत्रकारांच्या कक्षात बसून जल्लोष करायचा नाही, हा तिथला कडक दंडक, आणि तो या बाबाच्या हाडात मुरला. बायको गेली त्या आठवड्यातही माझ्या हॉटेलात येऊन त्याने नेहमीसारखी अंडी मागवली. मी म्हटलं, "अरे, रड की जरा!" तर म्हणे, "कॉफी गार आहे, लोर्ना."

शेजारच्या स्टुलावर कर्टिस ओडम बसायचा, आमच्या संघाचा जुना कॅचर, म्हणजे फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. त्याची फटकेबाजी बेताचीच, त्यामुळे बाहेरगावी त्याला फारसं कुणी ओळखत नाही. पण चेंडू फेकणारी कितीतरी घाबरलेली पोरं त्याने सांभाळून घेतली आणि त्यापायी स्वतःच्या गुडघ्यांची वाट लावून घेतली. हे हार्लनइतकं जवळून कुणीच पाहिलं नव्हतं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ओडमचं नाव हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या सर्वांत मोठ्या सन्मानाच्या, मतपत्रिकेवर आलं. मतं जुन्या पत्रकारांची, त्यात हार्लनही होता. ओडम लगेच निवडून येणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण शंभरातली पाच मतं पडली की नाव पुढच्या वर्षी राहतं, लोकांना हळूहळू पटत जातं. तेवढीही नाही पडली, तर नाव कायमचं कटतं.

"त्याची लायकी आहे का?" मी विचारलं.

"आहे."

"मग कर की खूण!"

"पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी फक्त अगदी थोर खेळाडू. याला पुढच्या वर्षी देईन."

"कुठे लिहिलंय असं?"

"लिहिलेलं नाही. आम्ही पाळतो."

डोंबल पाळतो! दहा नावांवर खूण करता येते, त्याची तेवढी झालीही नव्हती, तरी त्याने पाकीट चिकटवलं.

जानेवारीत निकाल लागला. नाव टिकायला ओडमला एक मत कमी पडलं.

दुसऱ्या दिवशी तो लंगडत आला, टोपी काढून स्टुलावर बसला. "जाऊ दे रे हार्लन," तो म्हणाला. "ज्यांनी मला खेळताना पाहिलं नाही, त्यांचा कसला राग? तू दिलंस ना, मला तेवढं पुरे."

मी कढईकडे तोंड फिरवलं.

"मी नाही दिलं," हार्लन म्हणाला. "पुढच्या वर्षी देणार होतो."

ओडम स्टुलावरून उतरला. मग टोपी घालून निघून गेला. त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही.

मला हार्लनचा संताप येतो. तरी त्याची अंडी मीच तळते, दुसरं कोण आहे त्याला?

पुढच्या डिसेंबरात नवी मतपत्रिका आली. हार्लनने ती माझ्यासमोरच उघडली, चष्मा पुसला आणि नावांवरून बोट खाली खाली नेत राहिला. शेवटच्या नावापाशी थांबला, आणि परत वरून सुरू केलं.

"हार्लन," मी म्हटलं, "त्याचं नाव नाहीये त्यात."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्याचं बोट खाली सरकत राहिलं.